पांढरे कपडे, शांतता राखावी

"धरायला दांडी कसली बसवताय? मी काय पोपट आहे?"

न्हाणीघराच्या दाराआडून आबा पुटपुटले. स्वतःशीच पुटपुटले, पण आमच्या न्हाणीघराचं दार पातळ आहे आणि माझा कान त्या दारापासून फार लांब नव्हता. मी चोरून ऐकत नव्हते हे आधीच सांगते. मी टॉवेलची घडी घालत होते. सकाळपासून त्याच एका टॉवेलची घालत होते. माझ्या शेजारी माझा नवरा सुदेश हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गिझरच्या बटणाकडे गंभीरपणे बघत होता. बटणाला काहीही झालेलं नव्हतं.

हा आमचा रोजचा कार्यक्रम. आबा, म्हणजे माझे सासरे, आंघोळीला गेले की घरातल्या सगळ्यांना न्हाणीघराच्या दाराशीच कामं निघतात. आत तांब्या वाजत असतो तोवर ठीक. तो थांबला की आमचे श्वास थांबतात. आबा बाहेर आले की आम्ही, चोर पांगावेत तसे, पांगतो. त्या दिवशीही पांगलो. आबांनी जाताजाता फक्त विचारलं, "झालं का दुरुस्त?" सुदेश म्हणाला, "होत आलंय."

याचं कारण म्हणजे "तो प्रकार". दिवाळीच्या सुमारास तो प्रकार झाला. काय प्रकार, हे आमच्या घरात कुणाला विचारू नका, कुणी सांगणार नाही. हाड मोडलं नाही, टाका पडला नाही, देवाची कृपा. डॉक्टरांना सुदेशने सांगितलं, "त्यांचा पाय जरा इकडचा तिकडे झाला." डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे पडले का?" तेव्हा आम्ही तिघंही एकदम भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचायला लागलो. डॉक्टर शहाणे होते. म्हणाले, "काही नाही, तोलाचा व्यायाम करवून घ्या."

पण त्या दिवसापासून आबा जिना उतरले नाहीत. आमची निर्मळ सोसायटी डोंबिवली पूर्वेची, लिफ्ट नसलेली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आज काय तर ऊन आहे. उद्या काय तर खाली आहे काय बघायला? परवा काय तर पेपर वाचून व्हायचाय. हेच आबा एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर होते तेव्हा जिना उतरायचे नाहीत, जिना सांडायचा त्यांच्या पायांखालून. कठड्याला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. खालच्या मजल्यावरच्या शीलाकाकू त्यांच्या पावलांवर कुकर लावायच्या. नव्या सुनेला, म्हणजे मला, एकदा ते भाजीला बरोबर घेऊन गेले. मी त्यांना घराच्या दारात शेवटचं पाहिलं आणि त्यानंतर थेट परत आल्यावर. मध्ये ते फक्त पुढे होते.

असा माणूस आता पायांनी फरशी घासत घासत खिडकीपर्यंत जायचा आणि तिथूनच खाली बघत बसायचा. मला ते बघवत नव्हतं. उद्योग त्यातून सुरू झाला.

झालं असं, की माझी बहीण शकू ठाण्याला बाळकुमला राहते. तिच्याकडे गेले होते. सकाळी तिच्या कॉम्प्लेक्सच्या बागेत बघते तर दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या उभ्या, आणि हवेतले न दिसणारे भोपळे उचलून सावकाश दुसरीकडे ठेवतायत. एवढे सावकाश, की आधी मला वाटलं सगळ्यांचं काहीतरी हरवलंय आणि ते आठवतायत. शकू म्हणाली, "ताई ची आहे. चिनी व्यायाम. तो पांढऱ्या मिश्यांचा माणूस बघ, तो काठी घेऊन आला होता. आता काठी विसरून घरी जातो."

मी बाकावर बसून राहिले. माझं लग्न झालं तेव्हा तिथे भातशेतं होती. आबांचे ओळखीचे एक शेतकरी होते, त्यांच्याकडे आम्हा नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं होतं. आबा बांधावरून पुढे निघाले, मागे सुदेश, त्याच्या मागे भरजरी साडीत मी. बांध म्हणजे वीतभर रुंद. व्हायचं तेच झालं. मी चिखलात बसले. सुदेश "अरे अरे" करत जागच्या जागी फिरला. आबा वळून आले, एका हाताने मला उपटलं, भात उपटावा तशी, आणि हसत म्हणाले, "पडलीस? छान झालं. आता बिनधास्त चाल." त्या बांधाच्या जागी आता मुलांची घसरगुंडी आहे.

शिकवणारी निशिगंधा चाळिशीची, आवाजाने ठणठणीत. वर्ग संपल्यावर मी तिला गाठलं.

"माझे सासरे जिना उतरत नाहीत," मी म्हटलं.

"पडले होते का?"

मी तक्ता शोधला. तिथे फक्त पेरूचं झाड होतं. "हो," मी म्हटलं. डोंबिवलीच्या हद्दीबाहेर हे बोलणं त्या मानाने सोपं गेलं.

"पडल्याने होतं त्याहून जास्त नुकसान पडायच्या भीतीने होतं," ती म्हणाली. "माणूस हलायचा थांबतो. पायातली ताकद जाते. नजर जमिनीवर, पाऊल उचलत नाही. मग खरोखरच तोल जातो. यात आम्ही काय करतो, शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश न्यायला शिकवतो. पाय बळकट होतात, तोल सावरायची सवय लागते, गुडघ्यांना झटका नाही. उभं राहवत नाही त्याने खुर्चीत बसून करायचं. झोपही बरी लागते म्हणतात लोक. पण जादू नाही हं काकू. रोज करावं लागतं, आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या."

एक रविवार डोंबिवलीला येऊन दाखवायला ती तयार झाली. मी घरी आले ती तरंगतच.

सुदेश म्हणाला, "पण आबांना सांगायचं नाही की त्यांच्यासाठी आहे."

"मग कुणासाठी आहे म्हणायचं?"

"सगळ्या ज्येष्ठांसाठी. त्यांनी नुसतं उद्घाटन करायचं."

आबांना विचारलं. ते पेपरमागून म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पण निदान चप्पल कुठे आहे हे त्यांनी विचारलं, म्हणून मी आशेवर.

बातमी जिन्यातून खाली उतरली आणि सल्ले जिन्यातून वर चढले. शीलाकाकूंनी मेथीच्या लाडवांचा डबा पाठवला, वर निरोप, "चिनी कशाला, हे खा." तिसऱ्या मजल्यावरून कळलं, की मागे मागे चालत गेलं तर तोल सुधारतो. सांगणारे गृहस्थ ते करून दाखवताना आमच्या शोकेसवर जाऊन बसले. मग मी नम्रपणे पुढच्या सर्वांना सांगू लागले की आमचं ठरलंय. त्यावर सोसायटीत असं झालं की राऊळांची सून फार शिष्ट आहे. ठीक आहे. समाजसेवेत एवढं सोसावं लागतंच.

खरा अडथळा होता सेक्रेटरी प्रशांत. वयाने माझ्याहून लहान, पण सोसायटीचा शिक्का हातात आल्यापासून तो माझा काका असल्यासारखा बोलतो.

"वहिनी, गच्चीवर वॉटरप्रूफिंग चाललंय. गच्ची नाही मिळणार."

"मग खाली आवारात?"

"आवारात चालेल. पण हा प्रकार कशात बसतो? मी मोबाईलवर बघितलं. मार्शल आर्ट आहे म्हणे. म्हणजे मारामारी."

"अरे प्रशांत, एवढ्या सावकाश कोण मारामारी करेल? समोरचा जेवून परत येईल."

"तुम्ही हसता. उद्या कुणाला लागलं तर सोसायटी जबाबदार. मारामारीला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो." मग त्याने बराच विचार केला आणि माझ्यावर उपकार केले. "एक करता येईल. घरगुती कार्यक्रमाला आवार देता येतं. बारसं, मुंज, पूजा. तुम्ही तुमच्या घरचा कार्यक्रम म्हणून घ्या. फक्त बोर्डावर ते चिनी नाव नको. आणि खाली नाव तुमच्या कुटुंबाचं टाका, सोसायटीचं नको."

आमच्या सोसायटीच्या दारात काळा फळा आहे. त्यावर दोनच प्रकारच्या बातम्या लिहिल्या जातात. पाणी येणार नाही, आणि माणूस गेला. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. पण मी निशिगंधाला फोन करून सूचना विचारण्यात गर्क होते. ती म्हणाली, सैल सुती कपडे, शक्यतो पांढरे, मोबाईल बंद, बोलायचं नाही. मी ते सुदेशला सांगितलं, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे. अख्खं आयुष्य सरकारी कचेरीत काढल्यामुळे त्याला शब्द वाचवायची सवय. शनिवारी दुपारी त्याने खडूने लिहिलं:

"उद्या रविवार, सकाळी सात वाजता सर्वांनी आवारात जमावे. पांढरे कपडे. मोबाईल बंद. शांतता राखावी. – राऊळ कुटुंबीय."

मी येताजाता ते वाचलं आणि मनात म्हटलं, किती सुंदर अक्षर.

तो फळा कुणीतरी मोबाईलवर टिपला आणि "निर्मळ जुने शेजारी" या ग्रुपवर टाकला. जे लोक घर विकून ठाण्याला, कल्याणला, बदलापूरला मोठ्या जागेत गेले आणि तिथून आम्हाला गणपतीचे फोटो पाठवतात, त्यांचा हा ग्रुप. आम्ही त्यात नाही, कारण आम्ही गेलोच नाही. आता तुम्ही म्हणाल, एखाद्याने फोन करून खात्री करायची. पण अशा बातमीत "खरं का हो?" असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. निघायचं असतं. लोक निघाले.

रविवारी उजाडताच मी पांढरा सलवार-कमीज घालून आबांच्या खोलीत डोकावले. ते पांढरा लेंगा-सदरा घालून, केस विंचरून, खिडकीशी बसले होते. माझ्या पोटात आनंद मावेना. "चलता ना आबा?" ते खालच्या आवाराकडे बघत म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच." त्या "आलोच"वर विश्वास ठेवून मी आणि सुदेश खाली आलो.

निशिगंधा वेळेवर आली. सोसायटीतले पाच-सहा ज्येष्ठ रांगेत उभे राहिले. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे किंचित सैल, श्वास आत, हात सावकाश वर. मी सारखी जिन्याकडे बघत होते. आबा येत नव्हते. मात्र फाटकातून माणसं येत होती. एकेकाळी कोपऱ्यातल्या खोलीत राहणारे शिंपी आले. पूर्वी समोर राहणारं, आता बदलापूरला गेलेलं जोडपं आलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, माना खाली घालून. आम्ही बोलत नव्हतो, तेही बोलले नाहीत. मागे रांगेत उभे राहिले आणि आमचं बघून हात वर करू लागले. अशा प्रसंगी पुढचा करतो ते मागचा करतोच, विधी कुणाला पाठ असतो? मला वाटलं, बघा, व्यायामाची केवढी आवड आहे लोकांना, बदलापूरहून येतात. निशिगंधाचा चेहरा तर फुलून आला. ती कुजबुजली, "काकू, बाळकुमलासुद्धा एवढे जमत नाहीत."

तेवढ्यात शीलाकाकू आल्या. त्या दोन दिवस कल्याणला लेकीकडे होत्या आणि लेकीच्या मोबाईलवर फळा वाचून थेट तिथून येत होत्या. हातात झाकलेलं पातेलं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि मला अशी मिठी मारली की माझं तोंड त्यांच्या पदरात बंद झालं.

"परवा लाडू पाठवले गं मी! एक तरी खाल्ला का त्यांनी?"

पदरातून मला फक्त "उं उं" करता आलं. त्यांना तो हुंदका वाटला. त्यांनी मिठी आणखी आवळली. "रडून घे. चूल पेटवू नकोस, मी पिठलं-भात आणलाय." त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं की कट्ट्यावर पिठलं-भाताची आणखी दोन पातेली येऊन बसलीत. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणायचा असतो. काय झालंय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी कशीबशी सुटले आणि ओरडले, "अहो, ऐका, आबा..."

"श्शू!" चहूबाजूंनी आलं. शिंप्यांनी तर फळ्याकडे बोट दाखवलं. शांतता राखावी.

आणि त्याच वेळी फाटकातून गुणाजी आले. आबांचे कंपनीतले जोडीदार, खडवलीला राहतात; त्यांनाही कुणीतरी फोन केला होता. हातात झेंडूचा जाडजूड हार, डोळे सुजलेले. ते कुणाकडे न बघता सरळ जिना चढू लागले. त्यांच्यामागे सगळे. सगळ्यांमागे निशिगंधा, कारण तिचा वर्गच निघून चालला होता. आणि तिच्या मागे मी, गर्दीत अडकलेली.

गुणाजींना दम लागला. आमच्या दाराच्या अलीकडच्या वळणावर ते पायरीवर बसले. मग त्यांच्याखाली बाकीचे बसत गेले. पायरी पायरी भरली. खरं सांगते, मी ओरडायची थांबले त्याचं कारण हे. पूर्वी वीज गेली की अख्खी इमारत या जिन्यात असंच बसायची. शीलाकाकू भेंड्या घ्यायच्या, सासूबाई शेंगदाणे वाटायच्या, आणि आबा वरखाली करत कुणाच्या घरी मेणबत्ती नाही ते बघायचे. कोण कुठल्या पायरीवर बसायचं हेही ठरलेलं असायचं. एवढ्या वर्षांनी माणसं आपापल्या जुन्या पायरीवर बसली होती, न सांगता.

"मी अख्खा सिलेंडर खांद्यावरून वर आणलेला पाहिलाय त्यांना," शिंपी म्हणाले. "आणि वर जाऊन विचारतात कसे, अजून कुणाचा आणायचाय?"

"माझी मुलगी झाली त्या दिवशी रिक्षा मिळेना," बदलापूरच्या बाई म्हणाल्या. "आबा धावत गेले आणि रिक्षाच्या पुढे धावत परत आले."

"कंपनीत टाकीवर चढायचं होतं," गुणाजी नाक पुसत म्हणाले. "शिडी हलायला लागली का आम्ही खाली यायचो. ह्यो वर जायचा. मी म्हणायचो, अरे राऊळ, मरशील! तर म्हणायचा, गुणा, खाली बघायचं नाय, कामाकडं बघायचं. ह्यो मानूस कधी घाबरला नाय. कधी म्हणजे कधीच नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. "कधीच नाही."

"गुणा," वरून आवाज आला, "टाकी नव्हती ती. चिमणी होती."

जाळीच्या दाराआड आबा उभे होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, केस विंचरलेले. पातेल्यासकट वर आलेल्या शीलाकाकूंनी किंकाळी फोडली. पातेल्यावरचं झाकण घरंगळत तळमजल्यापर्यंत गेलं. गुणाजी उठले, बसले, पुन्हा उठले, आणि हातातला हार मागे लपवायला लागले.

"असू दे, असू दे," आबा जाळी उघडत म्हणाले. "मगाचपासून ऐकतोय. चांगलं चाललं होतं."

मग जो गलका झाला तो विचारू नका. गुणाजी आबांना मिठी मारून रडले, मग हसले, मग त्यांनी आबांना कचकचीत शिवी दिली. प्रशांत म्हणाला, "मग बोर्डावर ते कशाचं होतं? घरगुती कार्यक्रम म्हणून मी परवानगी दिलेली." सुदेश म्हणाला, "अक्षर माझं होतं, पण शब्द तुम्हा दोघांचे." मी फळा, व्यायाम, बाळकुम, निशिगंधा असं सगळं एका दमात सांगितलं. लोक पोट धरून हसले. बदलापूरच्या बाई म्हणाल्या, "तरीच म्हटलं, हल्ली डोंबिवलीत शोक फारच शिस्तीत करतात."

"अरे चल मग खाली!" गुणाजींनी आबांच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यासाठी खडवलीवरनं आलोय. आमच्या म्होरं उभा राहून कर तो व्यायाम. चल!"

"चला आबा!" सगळा जिना म्हणाला. माणसांनी दोन्हीकडे सरकून मधून वाट केली.

आबा उंबऱ्याबाहेर आले. पहिल्या पायरीच्या काठाशी पोचले. आणि थांबले. कठड्यावर त्यांचा हात होता, आणि त्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. हसणं हळूहळू विरत गेलं. सगळ्यांनी तो हात बघितला आणि सगळ्यांनी घाईघाईने दुसरीकडे बघितलं.

"आता ऊन चढलंय नाही का," शीलाकाकू म्हणाल्या.

"हो ना," शिंपी म्हणाले. "पुढच्या रविवारी करू. निवांत."

"गर्दीही फार आहे जिन्यात," सुदेश म्हणाला.

"आणि पिठलं गार होतंय," मी म्हटलं. हो, मीसुद्धा.

गुणाजी तेवढे त्या हाताकडेच बघत राहिले. निशिगंधा चार पायऱ्या खाली उभी होती, वर बघत. तिने हात पुढे केला नाही. नुसती उभी राहिली, तिचं ते सावकाशपण घेऊन.

आबांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मग तिच्याकडे बघितलं.

"ऊन-बिन काही नाही हो," ते म्हणाले. "दिवाळीत मी न्हाणीघरात पडलो. तेव्हापासून हा जिना उतरायची मला भीती वाटते. बाई, तुमच्या त्या व्यायामात याच्यावर काही आहे का?"